तळाची खरवड

१२ जानेवारी २०२५, रविवार

भात झाला. तांदूळ टाकायचे, पाणी ओतायचं, बटण दाबायचं, टक् आवाज आला की झाला. उर्मिला गेल्यावर हा राइस कुकर आणला. गॅसचं आणि माझं काही जमत नाही. यात चांगलं होण्यासारखं काही नाही आणि वाईट होण्यासारखंही काही नाही.

अस्मीने चार घास खाल्ले. "आय ॲम डन, बाबा." ताट सिंकमध्ये, ती खोलीत, दार बंद. तेरा वर्षांची मुलगी चार घासांवर जगते तरी कशी?

ओट्यावर आज पुन्हा तेच. गॅसच्या उजव्या हाताला स्टीलची बशी, त्यात काहीतरी तपकिरी, कडक, अर्धवट तुकडा. अर्धा खायचा, अर्धा टाकायचा! मुंग्या होतात. रोज सांगून झालं. उचलून कचऱ्यात टाकला.

१५ जानेवारी, बुधवार

पुन्हा अर्धा तुकडा. पुन्हा कचऱ्यात. बोललो नाही. बोललो की दार बंद होतं, आणि दार आधीच बंद होतं.

१९ जानेवारी, रविवार

छडा लागला! कपाटात पोह्यांच्या डब्यामागे पाकीट सापडलं. वर सगळी कोरियन अक्षरं आणि भाताच्या चकतीचा फोटो. अस्मीला विचारलं, हे काय?

"नुरुंगजी."

"म्हणजे?"

"स्कॉर्च्ड राइस, बाबा. पॉटच्या बॉटमला लागतो तो. कोरियन लोक खातात. हॉट वॉटर घालून पण."

"म्हणजे जळका भात?"

"स्कॉर्च्ड."

पाकिटावर किंमत पंधरा दिरहम. म्हणजे साडेतीनशे रुपये — जळक्या भाताचे! मी हसलो. खरंच हसू आलं मला. माझा जन्म फायर अलार्म बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात चाललाय. माझ्या नाकाला जळका वास आला की ती ड्यूटी. आणि माझीच मुलगी पैसे मोजून जळकं खाते! म्हटलं, अगं, तुझी आई तर हे आठवड्यातून तीनदा फुकट करायची.

हे बोलायला नको होतं. तिने पाकीट माझ्या हातातून घेतलं. हिसकावलं नाही, नुसतं घेतलं. हिसकावलं असतं तर बरं वाटलं असतं.

२६ जानेवारी, रविवार

ममताचा पुण्याहून फोन. उर्मिलाची धाकटी बहीण. बोलते तेव्हा आवाज अगदी उर्मिलाचा, म्हणून मी फोन जरा कानापासून लांब धरतो.

"भाऊजी, स्पष्ट बोलू? मुलगी वयात येतेय. तिला घरात बाई माणूस हवं. आठवीची परीक्षा झाली की पाठवा माझ्याकडे. नववीला इथे घालू. तुम्ही किती वाजता घरी येता?"

सात. कधी आठ. साइटवर काही वाजलं तर दहा.

"बघा म्हणजे."

काय बघायचं? हो म्हणालो. मग अस्मीच्या दाराशी गेलो. मावशी असं असं म्हणते, जाशील?

"ओके."

"ओके म्हणजे?"

"ओके मीन्स ओके, बाबा."

ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. एकदा तरी नाही म्हणायचं!

१ फेब्रुवारी, शनिवार

आजचं आजच लिहितो.

बर दुबईला जाऊन उर्मिलाच्या फोटोसाठी हार आणला. घरी येऊन बघतो तर ओट्यावर बशी, बशीत अर्धा तुकडा, आणि बशीपासून सिंकपर्यंत मुंग्यांची रांग. डोकं फिरलं. बशी उचलली आणि अस्मी बघत असताना तुकडा कचऱ्यात टाकला. म्हटलं, खायचं नसतं तर मोडतेस कशाला?

"दॅट्स मम्माज्!"

ओरडली. ऑक्टोबरपासून ही मुलगी ओरडली नव्हती. मर्तिकालासुद्धा नाही. मग सगळं एका दमात बाहेर आलं, मराठी-इंग्लिश एकात एक. जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवतो.

मी जेवून उठायचो. बाहेर बातम्या लावायचो. मग या दोघी आत. उर्मिला पातेल्याच्या तळाची खरवड उलथन्याने सोडवायची. अख्खी निघाली तर दोघी टाळ्या वाजवायच्या. वर तूप, मेतकूट. झाकणीवर ठेवून मोडायची. एक तुकडा अस्मीला, एक स्वतःला. दोघी उभ्यानेच खायच्या, ओट्याला टेकून. उर्मिला गॅसच्या उजव्या हाताला.

"मोठा पीस मला द्यायची. ऑलवेज. मी म्हणायची इक्वल कर, ती म्हणायची, इक्वलच आहे की. अँड इट वॉज नेव्हर इक्वल."

एकदा दोघी कोरियन मालिका बघत होत्या. त्यात एक म्हातारी पातेल्याचा तळ खरवडते आणि नातवाच्या तोंडात घालते. उर्मिला पोट धरून हसली म्हणे. "अगं, आपण कोरियन निघालो की!" तेव्हापासून या दोघींमध्ये खरवडीचं नाव नुरुंगजी.

आता पाकिटातली आणते. अर्धी खाते. अर्धी आईच्या जागी ठेवते.

आणि मी ती अर्धी रोज कचऱ्यात टाकत होतो.

सोळा वर्षांचा संसार. सोळा वर्षं मी याच घरात भात खाल्ला आणि पातेल्याचा तळ एकदाही पाहिला नाही. मला वरचा वाढला जायचा. मऊ, मोकळा, वाफेचा. मला वाटायचं तोच भात!

२ फेब्रुवारी, रविवार

बशी आज मीच घासून गॅसच्या उजव्या हाताला ठेवली. रिकामीच राहिली.

८ फेब्रुवारी, शनिवार

समोरच्या हव्वाबी आल्या. श्रीवर्धनच्या. या रोल्ला भागात आमच्या आधीपासून आहेत, बिल्डिंगमधल्या लिफ्टपेक्षा जुन्या, असं उर्मिला म्हणायची. वाटीत सांदणं होती. अस्मी मैत्रिणीकडे, मिहिकाकडे, अभ्यासाला गेलेली. विचारावं की नको असं करत शेवटी विचारलंच. हव्वाबी, उर्मिलाचा भात नेहमी खाली का लागायचा हो?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आवो भाऊ, लागायचा कसला? ती लावायची! तुमाला म्हायतीच नाय?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं. उर्मिला मला वाढून झालं की उरलेला भात तळाला थापायची आणि पातेलं पुन्हा बारीक गॅसवर ठेवायची. त्यासाठी तांदूळही वेगळे. ते जाडे, बुटके, चिकट इजिप्तचे तांदूळ! मी दर महिन्याला कटकट करायचो, बासमती का नाही आणत? कारण बासमतीची खरवड धरत नाही, म्हणे.

"तुम्ही बाहेरून वरडायचात, वास येतोय, वास येतोय! आनि ती तोंडाला पदर लावून हसायची. मी असायची ना कधी कधी."

मग मला का नाही दिली कधी?

"गड्याला जळका भात कसा वाढायचा, म्हनायची. आनि तुमाला वास चालत नाय म्हून."

त्या गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. खोटं कशाला लिहू, राग आला! घरातली सगळ्यात चांगली गोष्ट माझ्यापासून पाच पावलांवर चालू होती आणि मला कुणी बोलावलं नाही. एकदा हाक मारली असती. मी वासाचं ओरडलो असतो, ठीक आहे. पण खाल्लीही असती ना!

मग रागही गेला. मग काही उरलंच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

करून बघितली. अस्मी मिहिकाकडे होती ते बरं.

कुकरला खरवड धरत नाही. तो शहाणा आहे, वेळेवर बंद होतो. मग माळ्यावरून उर्मिलाचं जाड बुडाचं पातेलं काढलं. तिने ते पेपरात गुंडाळून ठेवलं नव्हतं, मीच ठेवलं होतं, नोव्हेंबरात. मागच्या डब्यात इजिप्तचे तांदूळ होते. तिने आणलेले. भात केला, तळाला थापला, गॅस बारीक केला. ती किती वेळ ठेवायची? हव्वाबी म्हणाल्या, वास येईपर्यंत. वास मला कळतो, त्यात मी तज्ज्ञ!

ममताचा मेसेज आला तो वाचत बसलो. शाळेची नावं, बसची सोय, शेजारी तिच्याच वयाच्या दोन मुली. उत्तर काय लिहू या विचारात होतो तेवढ्यात पॅसेजमधला डिटेक्टर वाजला. मीच बसवलेला. मग अख्ख्या मजल्याचा वाजला. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, जिना चढून धापा टाकत दारात. "मुरलीभाई! आप के घर में आग?" हव्वाबी जपाची माळ हातात घेऊन दारात. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब मांजरासकट खाली रस्त्यावर!

पातेल्यात कोळसा. हव्वाबींनी आत डोकावून पाहिलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "गॅस बारीक भाऊ. एकदम बारीक. आनि तिथंच हुबं ऱ्हायचं."

तिथेच उभं राहायचं. मी खुर्चीवर बसलो होतो.

पातेलं घासायला दोन तास गेले. घासताना रडलो. पाण्याचा नळ चालू होता, ऐकायला तसंही घरात कुणी नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पांढरी राहिली. तुकडे तुकडे निघाली. मीच खाल्ले. नुसता वाळका भात.

२३ फेब्रुवारी, रविवार

एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरी. शेगडीच एका अंगाने कलती आहे! पातेलं फिरवत राहायला हवं. उर्मिलाला हे माहीत असणारच. तिने कधी शेगडीची तक्रार केली नाही.

तिकीट काढलं. एकवीस मार्च, पुण्याचं विमान. अस्मीला स्क्रीन दाखवला.

"विंडो सीट?"

"हो."

"ओके."

२ मार्च, रविवार

कालपासून रमजान. हव्वाबींकडून इफ्तारची थाळी आली. अस्मीने त्यातला एक समोसा खाल्ला. अख्खा! मी बघत होतो. ती म्हणाली, "बाबा, डोन्ट वॉच मी ईट."

तिची बॅग काढून पुसून ठेवली. चाकं तपासली. बॅगेची चाकं तपासणं मला जमतं.

ती जायच्या आत खरवड एकदा तरी जमायला हवी. एवढंच. तिला सांगायचं आहे की मलाही कळलं. शब्दांत सांगितलं तर ती ओके म्हणेल.

९ मार्च, रविवार

जमली.

देवा, नसती जमली तर बरं झालं असतं.

परीक्षा संपत आलीय म्हणून अस्मी खोलीत वाचत होती. मी आवाज न करता भात केला. थापला. गॅस एकदम बारीक. उभा राहिलो, उजव्या हाताला. पातेलं थोडं थोडं फिरवत होतो. आधी वाफेचा वास. मग नुसता भाताचा. मग तो आला. जळका नाही! आजवर मी ज्याला जळका म्हणत आलो तो हा वास, आणि तो जळका नव्हताच कधी. भाजलेल्या शेंगांसारखा, गोडसर. मी ओळखला. सोळा वर्षं यावर ओरडलोय, ओळखणार नाही?

आणि खोलीचं दार उघडलं.

धावत आली. अनवाणी. पॅसेजमधूनच —

"मम्मा?"

तिला ठाऊक नव्हतं का? होतं. सगळं ठाऊक होतं. पण नाक काय विचार करून वास घेतं? ती दारात आली तेव्हा तिचा चेहरा... तो चेहरा मी ऑक्टोबरच्या आधी शेवटचा पाहिला होता. मग तिने मला पाहिलं. हातात उलथनं, खांद्यावर पंचा. चेहरा गेला. माझ्या डोळ्यांदेखत गेला.

मी म्हटलं, "अस्मी, मी... मीच केली गं."

ती म्हणाली, "आय कॅन सी दॅट."

परत गेली. दार हळू लावलं. हळू लावलं तेच जास्त लागलं.

मी पातेल्यात पाणी ओतलं. चर्र आवाज झाला. खरवड अख्खी सुटली असती, कड सुटलेली दिसत होती. पाण्यात विरघळून गेली.

तिला आईचा वास दाखवला आणि आई नाही दाखवली. असं कुणी शत्रूशी करत नाही. मी लेकीशी केलं.

१० मार्च, सोमवार

ममता बरोबर आहे. अस्मीला तिकडेच पाठवावं.

१४ मार्च, शुक्रवार

परीक्षा संपली. अस्मी दिवसभर झोपली. ओट्यावर बशी नाही. पाकीटही नाही कपाटात. विचारायची सोय नाही.

२० मार्च, गुरुवार

संध्याकाळी अस्मीची बॅग भरली. वजन केलं, दीड किलो जास्त. तिने स्वेटर काढून ठेवले. म्हटलं, पुण्यात लागतील. "मावशी हॅज स्वेटर्स."

उर्मिलाची मेतकुटाची बाटली मी तिच्या बॅगेत घातली. तिने काढली. परत कपाटात ठेवली. नको असेल.

मग उगाच फ्रिज उघडून उभी राहिली आणि पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाली, "बाबा, ते पातेलं टाकून दिलं तुम्ही?"

"नाही गं. आहे."

"ओके."

"का?"

"नथिंग. उद्या लंच मी बनवते. सिंपल. राइस."

रमजानमुळे बाहेर अझानची वाट बघत सगळं शांत होतं. मला तिला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. दोन शब्द. म्हणालो, पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेव.

२१ मार्च, शुक्रवार, दुपार

एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये बसून लिहितोय. गाडी सुरू करवत नाही.

गेली. एअरलाइनच्या मुलीने तिच्या गळ्यात पट्टा अडकवला, एकट्या मुलांना घालतात तो. काचेच्या दाराशी वळली, हात केला. मीही केला. तिने मिठी मारली नाही. मीही मारली नाही. आम्ही दोघं एकसारखी गाढवं.

दुपारी तिने खरंच भात केला. गॅसवर, त्या पातेल्यात. मला वाढला. दही, मीठ, वरचा मऊ भात. छान झाला होता, म्हटलं तिला. खाली काय आहे ते विचारलं नाही. ९ तारखेनंतर माझ्यात तेवढी हिंमत नाही. ती जेवली नाही. "लेटर," म्हणाली. मी हात धुतले, बॅग उचलली आणि गाडी आणायला गेलो. रोल्लात पार्किंग म्हणजे गाडी दुसऱ्या गल्लीत. परत यायला अर्धा तास लागला. शुक्रवारची नमाज सुटलेली, रस्ते भरलेले. ती हव्वाबींबरोबर खाली येऊन उभीच होती. "यल्ला बाबा, लेट होईल."

गाडीत कसला तरी करपट वास येत होता. मला वाटलं वायरिंग. एसी बंद करून पाहिला. अस्मी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या हुडीच्या बाहीला हात लावला तर म्हणाली, "बाबा. रोडकडे बघा."

आता घरी जायचं.

२१ मार्च, संध्याकाळ

दार उघडलं आणि वास. तो. मी बूट न काढता स्वयंपाकघरात गेलो. पातेलं घासून पालथं घातलेलं. ओट्यावर, उजव्या हाताला, काही नव्हतं.

बशी टेबलावर होती. माझ्या खुर्चीसमोर. वर झाकणी.

खरवड. लाल, तूप लावलेली, वर मेतकूट. मोडलेली कड सरळ होती. गोल चकतीतला आपला तुकडा किती ते कडेवरून कळतं.

अर्धा नव्हता. मोठा होता.